आर्किटेक्चरच्या स्टुडिओत नेमकं शिकवतात काय? कापसाच्या रांगेवरून समजून घेऊ

आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम ५ वर्षांचा असतो, १० सत्रांचा. जवळजवळ प्रत्येक सत्रात सगळ्यात जास्त तास एकाच विषयाला दिलेले असतात, आणि त्या विषयाला ना पाठ्यपुस्तक असतं ना गाइड. वेळापत्रकात त्याचं नाव आर्किटेक्चरल डिझाइन. मुलं नुसतं ‘डिझाइन’ म्हणतात. तो ज्या मोठ्या खोलीत चालतो ती खोली म्हणजे स्टुडिओ. बांधकाम साहित्य, स्ट्रक्चर, इतिहास, हवामान, पाणी-वीज-सांडपाणी हे बाकीचे विषय शेवटी याच एका विषयात येऊन मिळतात.

गावाकडच्या पालकांना मात्र हाच विषय सगळ्यात कमी कळतो. इंजिनिअरिंगचा मुलगा गणितं सोडवताना दिसतो, नर्सिंगची मुलगी पुस्तक घेऊन बसलेली दिसते. आर्किटेक्चरची मुलगी दिवाळीला घरी येते तेव्हा ट्रेसिंग पेपरवर तीच ती आकृती पुन्हा पुन्हा काढत असते, सनबोर्ड (मॉडेलसाठीचा फोमचा बोर्ड) कापत असते, मध्यरात्र उलटली तरी जागी असते. परत गेल्यावर फोनवर सांगते, सरांनी सगळं बदलायला लावलं. घरच्यांना वाटतं, एक तर हिला जमत नाही, नाही तर कॉलेजात कोणी शिकवत नाही. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. मी हाच विषय शिकवते. तिथे काय चालतं, ते विदर्भातल्या एका ओळखीच्या जागेवरून सांगते.

आधी एवढं लक्षात घ्यायला हवं की डिझाइनच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसतं. शेतकऱ्याला मृगाच्या तोंडावर ठरवायचं असतं की कपाशीत तूर किती ओळींनंतर घ्यायची, का सोयाबीनच पेरायचं. जमीन हलकी आहे की भारी, विहिरीला पाणी किती, हातात पैसा किती, घरात माणसं किती, गेल्या वर्षी भाव काय मिळाला, हे सगळं एकदम डोक्यात ठेवून तो निर्णय घेतो. शेजारच्याचा निर्णय वेगळा असतो आणि तोही बरोबर असू शकतो. पण चुकीचे निर्णयही असतातच, आणि ते का चुकले हे सांगता येतं. इमारतीची रचना ठरवणं हे याच जातीचं काम आहे. ते पाठ करून येत नाही. करून, दाखवून, चूक कळून, पुन्हा करूनच येतं.

एक प्रश्न घेऊ

समजा, तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला असा प्रोजेक्ट दिला: हिंगणघाट किंवा वणीसारख्या कापूस बाजाराच्या गावी, खरेदी केंद्राबाहेर रांगेत थांबणाऱ्या शेतकऱ्यांसाठी रात्रीच्या मुक्कामाची सोय करा. ४० माणसं, झोपायची जागा, संडास-न्हाणी, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची जागा. प्रोजेक्टच्या अशा मागणीपत्राला स्टुडिओत ‘ब्रीफ’ म्हणतात.

कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि पुढे थंडीभर चालतो. गर्दीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटाडोर, कुठे अजूनही बैलबंड्या, अशी रांग रस्त्यापर्यंत येते आणि नंबर दुसऱ्या दिवसावर जातो. ही जागा प्रत्येक कापूसवाल्याने पाहिलेली आहे. म्हणूनच ती शिकायला चांगली: कागदावर खोटं काही काढलं तर लगेच पकडलं जातं.

पहिल्या आठवड्यात मुलं काय करतात? मोबाइलवर छान छान धर्मशाळा आणि विश्रामगृहं बघतात. मग कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली एक सुंदर हॉल काढतात. समोर व्हरांडा, बाजूला बाग. एखादा विद्यार्थी कापसाच्या बोंडाच्या आकाराचं छत काढून आणतो आणि सांगतो, ही माझी कन्सेप्ट. चित्र खरोखर देखणं असतं.

मग शिक्षक एकच प्रश्न विचारतात: रात्री २ वाजता तुझा शेतकरी कुठे आहे?

विद्यार्थी म्हणतो, हॉलमध्ये झोपलाय. इथे ज्याच्या घरी कापूस पिकतो असा एखादा मुलगा हळूच म्हणतो, सर, तो ट्रॉलीवरच असेल. वर्षभराची कमाई उघड्यावर टाकून तो कोपऱ्यातल्या हॉलमध्ये जाऊन झोपणार नाही. झालं. अख्खा हॉल निरुपयोगी ठरला. त्यातली एकही भिंत चुकीची नव्हती. माणूसच चुकीचा धरला होता.

आता मुलांना पुन्हा त्या जागेवर जावं लागतं. याला साइट व्हिजिट म्हणतात. रांग कुठून वळते, वजनकाटा कुठे आहे, ट्रॉली वळवायला किती जागा लागते, हे टेप लावून मोजायचं. हमालाशी, मापाऱ्याशी, चहाच्या टपरीवाल्याशी बोलायचं. टपरीवाल्याला त्या जागेची सगळ्यात खोल माहिती असते, कारण तो सगळा हंगाम तिथेच उभा असतो. बाई माणूस सोबत आली तर ती जाते कुठे, हा प्रश्न मुलींनी विचारला तर उत्तर मिळतं. मुलांनी विचारला तर बहुतेक वेळा मिळत नाही.

तिथून परत आल्यावर ब्रीफच बदलतो. मुक्कामाची जागा रांगेला चिकटून हवी, म्हणजे झोपल्या जागेवरून आपली ट्रॉली दिसेल. म्हणजे हॉल नको, रांगेच्या कडेने जाणारी लांब, अरुंद छपरी हवी. झोपलेल्या माणसाची जागा आणि मधली वाट मिळून माणशी अडीच चौरस मीटर धरले तर ४० जणांना १०० चौरस मीटर लागतात. छपरी ३ मीटर रुंद केली तर ती ३३ मीटरांहून लांब होते. एवढी लांबी रांगेच्या कडेला खरंच मिळते का? नाही मिळाली तर दोन तुकडे करायचे का? मग पाणी कोणत्या तुकड्याजवळ? एका निर्णयाला दुसरा असा येऊन भिडतो.

त्यानंतर आग. वेचलेला कापूस ठिणगीला किती लवकर पेटतो, हे सांगायला नको. स्वयंपाकाची चूल रांगेपासून दूर हवी, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून हवी. पण दूर गेली की जेवण करणाऱ्याला ट्रॉली दिसत नाही. पाण्याचंही तसंच. कापसात ओलावा किती, यावर भाव ठरतो. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करते आणि त्याहून ओला कापूस घेत नाही. छपरीच्या पागोळ्या ट्रॉलीवर पडतील अशा उताराचं छत एखाद्याने काढलं आणि रात्री अवकाळी पाऊस आला, तर त्या एका रेषेने शेतकऱ्याचं क्विंटलमागे नुकसान केलं. छताचा उतार कोणत्या बाजूला, हा प्रश्न सौंदर्याचा आहे असं समजणाऱ्या मुलांना इथे खरा धडा मिळतो.

ऊन कधीचं?

विदर्भातला प्रोजेक्ट म्हटला की मुलं ताबडतोब उन्हाळ्याकडे वळतात. साहजिक आहे. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून सगळे जाड भिंती, लहान खिडक्या, खोल सावली काढतात. पण ही जागा वापरली जाते थंडीत. इथे रात्री माणूस कुडकुडतो. त्याला सावली नको, सकाळचं ऊन हवं आणि वारा अडवणारी भिंत हवी.

इथे हवामानाच्या तासाला शिकलेली भूमिती कामाला येते. हिंगणघाट साधारण साडेवीस अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो. म्हणजे छपरीची उघडी बाजू दक्षिणेला आणि २.४ मीटर उंच ठेवली, तर दुपारचं ऊन जवळजवळ २.३ मीटर आत येतं. ३ मीटर रुंदीची छपरी बरीचशी उबेत येते. तेच मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी याच दक्षिणेच्या बाजूने ऊन आत शिरत नाही. दक्षिणेची उघडी बाजू आणि उत्तरेची भरीव भिंत, एवढ्या एका निर्णयाने हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही सांभाळले गेले, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागला नाही.

पण रांग जर उत्तर-दक्षिण लागत असेल तर? मग छपरीचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेलाच जाणार. पूर्वेला केलं तर सकाळी ऊब मिळते, पण ट्रॉल्या छपरीच्या पूर्वेला उभ्या राहायला हव्यात, म्हणजे वाहनांची वाट बदलावी लागेल, म्हणजे वजनकाट्याच्या फाटकापाशी गर्दी होईल. आता विद्यार्थ्याने ठरवायचं. शिक्षक ठरवून देत नाहीत, द्यायचंही नसतं. कोणतीही बाजू निवडली तरी काही तरी सोडावं लागणार. काय सोडलं आणि का, हे त्याला सांगता आलं पाहिजे. माझ्या मते पाच वर्षांत शिकायची मुख्य गोष्ट हीच आहे. सुबक रेषा, सॉफ्टवेअर, मॉडेल हे सगळं तिच्या मदतीला येतं.

हंगाम संपल्यावर या छपरीचं काय, हा आणखी एक प्रश्न. हिवाळ्याच्या शेवटाकडे तूर आणि हरभरा येतो, मग पावसाळ्यात बाजार थंडावतो. रिकामी छपरी मोडकळीला येते. चांगला विद्यार्थी स्वतःहून विचारतो की ती धान्याचा माल ठेवायला, कुठल्या प्रशिक्षणाला, उन्हाळ्यात हमालांना बसायला वापरता येईल का. ब्रीफमध्ये न लिहिलेली गोष्ट विचारणं, यालाही गुण असतात.

एवढ्या आकृत्या कशासाठी?

प्लॅन म्हणजे इमारत कमरेच्या थोडी वर आडवी कापली आणि वरून पाहिली तर जे दिसेल ते. तो बहुतेकांना कळतो. एलिव्हेशन म्हणजे समोरून दिसणारं रूप. या दोन्हींपेक्षा महत्त्वाचं असतं सेक्शन: इमारत उभी चिरली तर आत काय दिसेल. जोतं किती उंच, माणूस कुठे बसलाय, त्याची नजर कुठे जाते, छताची कड किती खाली येते, ऊन किती आत येतं, हे फक्त सेक्शनमध्ये दिसतं. ट्रॉलीवरचा कापूस आणि छपरीत झोपलेला माणूस एकमेकांना दिसतात की नाही, याचं उत्तर प्लॅन देऊ शकत नाही. एखाद्या विद्यार्थ्याला खरोखर विचार करता येतो का, हे बघायचं असेल तर मी त्याचं सेक्शन बघते.

सेक्शन काढलं की लपलेल्या गोष्टी बाहेर येतात. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून कोणी जोतं ६० सेंटीमीटर उंच करतो. मग पायाने अधू माणसासाठी उतरण हवी. तिचा मान्य उतार १ला १२, म्हणजे ६० सेंटीमीटर चढायला ७.२ मीटर लांब उतरण लागणार. ती रांगेच्या वाटेत येते का? जोतं ४५ सेंटीमीटर केलं तर ५.४ मीटरमध्ये काम होतं. १५ सेंटीमीटरनी जवळजवळ २ मीटर जागा वाचली. हे असं आकड्यांत उतरलं की मुलांच्या मनातली भीती जाते आणि कामाला मजा येऊ लागते.

ट्रेसिंग पेपरचं कारणही हेच आहे. जुन्या आकृतीवर नवा कागद ठेवायचा, पटलेलं तेवढं उतरवायचं, न पटलेलं बदलायचं. घरी दिसतो तो कागदांचा ढीग म्हणजे वाया गेलेलं काम नव्हे, तो विचाराचा माग आहे. तो फेकू नका, मुलांनाही फेकू देऊ नका.

मॉडेल बनवणं म्हणजेही खेळणी करणं नव्हे. पुठ्ठ्याचं मॉडेल उन्हात नेऊन वेगवेगळ्या कोनांत फिरवलं की सावली खरी कुठे पडते ते दिसतं. महागडा सनबोर्डच हवा असं काही नाही. खोक्याचा पुठ्ठा, बांबूच्या काड्या, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी, सगळं चालतं. अभ्यासाच्या मॉडेलवर हजारो रुपये खर्च करायला लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रिट आणि जुरी

आठवड्यातून दोन-तीनदा शिक्षक प्रत्येकाच्या टेबलाशी बसतात, काम बघतात, प्रश्न विचारतात, कधी स्वतः पेन्सिल घेऊन शेजारी काढून दाखवतात. याला क्रिट म्हणतात. सत्राच्या मध्ये आणि शेवटी जुरी असते: शीट भिंतीवर लावायची, मॉडेल टेबलावर ठेवायचं आणि बाहेरून आलेल्या आर्किटेक्टसमोर उभं राहून आपलं काम समजावायचं. त्यांनी प्रश्न विचारायचे, आपण उत्तरं द्यायची.

ही पद्धत आपल्याकडची नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेत ती रुजली. कामात मुरलेला वास्तुकार, त्याच्या हाताखाली विद्यार्थी, ठरावीक मुदतीचा प्रश्न आणि शेवटी परीक्षकमंडळ, अशी तिची घडण. तिथे परीक्षक बंद दाराआड बसून निकाल देत, विद्यार्थ्याला बोलायची सोय नव्हती. १९१९ मध्ये जर्मनीत वायमार इथे वॉल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस सुरू केलं आणि हाताने वस्तू घडवत शिकण्यावर जोर दिला. आपल्याकडे मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयाची सुरुवात १९१३ची. आज नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात जो स्टुडिओ चालतो, त्यात हे सगळे धागे आहेत.

जुरीबद्दल मात्र खरं बोललं पाहिजे. ती नीट झाली तर विद्यार्थी तासाभरात एवढं शिकतो की सत्रभरात शिकला नसेल. वाईट झाली तर कायमचा गप्प होतो. सगळ्यांदेखत शीट फाडणं, ‘याला काही कळत नाही’ म्हणणं, हे काही ठिकाणी अजून चालतं आणि ते शिकवणं नाही. कामावर कितीही कडक बोला. माणसावर बोलू नका.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून आलेली, खेड्यातली मुलगी घराला किती बारकाईने ओळखते! दुपारी छपरी का मोकळी लागते, सांदवाडीचं (परसाचं) दार का हवं, पाहुणा बैठकीत असताना बायका मागून कशा ये-जा करतात, गोठ्याचा वास घरात येऊ नये म्हणून तो कुठे बांधतात, हे तिला न शिकवता येतं. पण जुरीत हे इंग्रजीत सांगायची वेळ आली की तिची जीभ अडते, आणि शहरातला मुलगा चार गुळगुळीत शब्दांवर पुढे निघून जातो. परीक्षकांनी तिला मराठीत, हवं तर वऱ्हाडीत बोलू द्यावं. इंग्रजी तांत्रिक शब्द हळूहळू येतातच. विचार आधी यावा लागतो आणि तो स्वतःच्या भाषेत लवकर येतो.

रात्र-रात्र जागण्याचंही काही जण कौतुक करतात. मी करत नाही. शेवटच्या आठवड्यात तीन रात्री जागून काढलेली शीट म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या सहा आठवड्यांत न घेतलेले निर्णय. मुलगी सारखी जागत असेल तर तिला विचारा, प्लॅन कधी पक्का केलास? उत्तर तिथे सापडेल.

गावात काय शिकायला आहे

पहिल्या वर्षी माणसाचं माप, जिन्याची पायरी, लहानसा निवारा. दुसऱ्या वर्षी घर, शाळा, बहुतेक कॉलेजांत एखाद्या खेड्याचा अभ्यास. पुढे वसतिगृह, दवाखाना, गृहरचना, मग एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि शेवटी थिसिस. क्रम थोडाफार असा असतो. त्यातला खेड्याचा अभ्यास अनेकदा सहलीसारखा उरकला जातो याचं मला वाईट वाटतं, कारण विदर्भातलं खेडं म्हणजे उघडी प्रयोगशाळा आहे.

काळी जमीनच घ्या. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचं घर दर वर्षी थोडं उचललं जातं, थोडं बसतं, आणि भिंतीला दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. घरमालकाला वाटतं मिस्त्रीने सिमेंट खाल्लं. बऱ्याचदा दोष पायाचा असतो: तो भेगांच्या थराखाली गेलेला नसतो, किंवा घराभोवतीचं पाणी पायाशीच मुरत असतं. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेल्या पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या काँक्रीटच्या खांबांचा, पाया विकसित केला. स्टुडिओतला विद्यार्थी हे पुस्तकात वाचतो, पण यवतमाळ-अकोल्याकडच्या एखाद्या आळीत फिरून अशा चिरा मोजल्या की ते त्याला कायमचं समजतं.

साहित्यही जिल्ह्याजिल्ह्याला बदलतं. मेळघाटात कोरकूंची घरं समोरासमोर दोन रांगांत असतात, बांबूच्या कुडाला माती लिंपलेली. तिथल्याच लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने आणि चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राने बांबूचं काम पुढे नेलं आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या शंकूसारख्या कवेलूंपासून (कौलांपासून) कमानदार छत करून दाखवलं, ज्याला लाकूड आणि लोखंड फारसं लागत नाही. आणि सेवाग्राम तर आहेच. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. माती, बांबू, कवेलू, भोवती खाली उतरलेली पडवी. गांधीजींच्या शिष्या मीराबहेनने भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं. शाळेच्या सहलीत मुलं बापूकुटी पाहून येतात. आर्किटेक्चरच्या मुलांनी तिथे सेक्शन काढायचं असतं, पडवीची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायचं असतं, आणि दुपारी आतला-बाहेरचा पारा लिहून आणायचा असतो.

दुसरीकडे घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण निकषात स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं घर सांगितलं आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, आणि सपाट भागासाठी योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. एवढ्यात दोन खोल्या, मोरी, वर पत्रा किंवा स्लॅब. कापूस ठेवायचा कुठे, फवारणीचा पंप आणि औषधं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी कुठे, उन्हाळ्यात झोपायचं कुठे? २५ चौरस मीटरचा हा प्रश्न मोठ्या संग्रहालयाच्या प्रोजेक्टपेक्षा अवघड आहे. तो दुसऱ्या वर्षी द्यावा आणि पाचव्या वर्षी पुन्हा द्यावा, म्हणजे आपण किती वाढलो ते विद्यार्थ्याला स्वतःच दिसेल.

अशा प्रश्नांवर जन्मभर काम केलेले लोक आहेत. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, जे. जे.मध्ये शिकले, १९६२ मध्ये अहमदाबादला वास्तुकलेची शाळा सुरू केली आणि २०१८ मध्ये वास्तुकलेचं प्रित्झकर हे जागतिक पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय ठरले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरिबांच्या घरासाठी जोतं आणि संडास-पाण्याचा गाभा आधी देऊन बाकी घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावं अशी रचना केली. अमेरिकेत अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये रूरल स्टुडिओ सुरू केला. तिथली मुलं हेल काउंटी या गरीब ग्रामीण भागात राहून आराखडा करतात आणि तो स्वतःच्या हातांनी बांधतातही. २० हजार डॉलरमध्ये बसणारं घर कसं असावं, यावर २००५ पासून तिथे एकामागून एक तुकडी काम करत आली आहे. आधीच्या तुकडीचं शिकलेलं पुढची तुकडी उचलते. आपल्याकडे दर वर्षी नवा प्रोजेक्ट आणि जुन्या शीट रद्दीत, ही सवय मोडायला हवी.

पालकांनी आणि गावाने

प्रवेशासाठी नाटा (आर्किटेक्चरची राष्ट्रीय अभियोग्यता परीक्षा) किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. व्हीएनआयटीसारख्या संस्थेत जेईईवरूनच प्रवेश होतो. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. पात्रतेचे तपशील बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच बघा. कॉलेजला वास्तुकला परिषदेची मान्यता आहे ना, ते आधी तपासा: १९७२च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. चित्रकला उत्तम नसली तरी घाबरू नका. निरीक्षण हवं. महागडा लॅपटॉप पहिल्याच वर्षी लागत नाही. हाताने काढायची सवय लागू द्या, संगणक नंतर येतो.

थिसिस हा शेवटच्या वर्षाचा सगळ्यात मोठा प्रोजेक्ट. विषय विद्यार्थी स्वतः निवडतो, जागा स्वतः शोधतो. बरीच मुलं विमानतळ आणि रिसॉर्ट निवडतात, कारण ते डोळ्यांत भरतं. तुमच्या घरी थिसिसचं मूल असेल तर त्याला बाजाराच्या दिवशी गावात फिरवा. जागा मागणारे प्रश्न तिथे रस्त्यावरच पडलेले दिसतील: आठवडी बाजारात भाजीवाल्या बायकांना ना सावली ना संडास, साधारण ३० हजार लोकांसाठी असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतिणीच्या सासूला रात्री बसायला जागा नाही, भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर धुणं, जनावरं आणि विसर्जन एकाच घाटावर.

आणि कॉलेजची एखादी तुकडी तुमच्या गावात मोजमापं घ्यायला आली, तर त्यांना चहा पाजाच, घर आतून बघू द्या, न विचारलेलंही सांगा. पण जाताना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसमोर (पूर्वीच्या ग्रामसेवकांसमोर) एक गोष्ट ठरवून घ्या. गावाचा नकाशा, मोजलेल्या घरांच्या आकृत्या, नाल्याचे आणि रस्त्याचे उतार, यांचा एक छापील संच ग्रामपंचायतीत जमा झाला पाहिजे, तारीख घालून, मराठीत नावं लिहून. पुढच्या वेळी नाली कुठून काढायची यावर वाद झाला की तो संच टेबलावर उघडता येतो, आणि पुढची तुकडी आली की तिला शून्यापासून मोजावं लागत नाही.